एकशे एक्याऐंशी अंशांचा त्रिकोण

आधी त्यांचं सांगतो, मग झालं काय ते सांगतो. नाहीतर गमतीच्या भरात मुद्द्याचं माणूस मागं राहून जायचं. मी दहावी पास आहे, आणि मला पास केलं ते आमच्या शाळेत गणिताची सगळ्यात खालची लेव्हल शिकवणाऱ्या सिस्टरनी. पास केलं म्हणजे मार्क वाढवून दिले असं कुणाला वाटेल, म्हणून लगेच खुलासा करतो. त्यांनी मला अर्धा मार्कसुद्धा कधी जास्त दिला नाही. उलट एकदा चाळीसपैकी शून्य दिलं, आणि त्या शून्यावरच माझी दहावी उभी राहिली.

हे लिहितोय ते त्रिशूरमधून. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी घरं गलाईवर चालतात. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, हा धंदा. त्यासाठी आमची माणसं देशभर पांगलीत, आणि माझे वडील केरळात येऊन बसलेत. मीही आता इथंच असतो. दुकानाच्या खिडकीतून समोर चर्चचं टोक दिसतं. आमची माणसं यांचं सोनं वितळवायला इकडं आली आणि यांच्या सिस्टर आमच्या पोरांना वळण लावायला तिकडं गेल्या. त्या अदलाबदलीत फायदा कुणाचा झाला, हे मी सिस्टरना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "सोनं लवकर वितळतंय रं."

सिस्टर इकडच्याच, त्रिशूरच्या बाजूच्या. पण तरुणपणी त्यांना आष्ट्याजवळच्या एका छोट्या दवाखान्यात पाठवलं होतं. तिथं बाजारात बायकांशी बोलून बोलून त्या मराठी शिकल्या. त्यामुळं बाकीच्या सिस्टर पुस्तकी मराठी बोलायच्या आणि या मात्र "काय रं गड्या, लय शाना झालास व्हय?" असं, गोल गोल मल्याळी सुरात. नवीन पालकांना पहिल्यांदा आपण चुकीचं ऐकलं असं वाटायचं.

सांगलीतल्या त्या शाळेचा दरारा मोठा. इथं आलेलं प्रत्येक पोर कॉलेजात जातं, अशी तिची ख्याती. व्हरांड्यात एक लांबलचक लाकडी फळा होता. त्यावर दरवर्षी दहावी झालेल्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढं तो कुठल्या कॉलेजात गेला ते. पालक प्रवेशासाठी आले की आधी त्या फळ्याचं दर्शन घ्यायचे, मग मेरीमातेचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवीत तिथं आलो. आणलं काकांनी. काका म्हणजे माझे चुलते, मिलिटरीतून हवालदार होऊन रिटायर झालेले. शिस्त म्हणजे एकतर पलटण नाहीतर कॉन्व्हेंट, तिसरी जागा नाही, असं त्यांचं मत. मला पलटणीत घालायचं वय नव्हतं, म्हणून कॉन्व्हेंटात घातलं.

नववीपासून शाळेत लेव्हल सुरू व्हायच्या. बोर्डाची परीक्षा सगळ्यांना तीच, पण शिकवणं तीन थरांत. बेसिक, स्टँडर्ड आणि अ‍ॅडव्हान्स. बेसिकमध्ये पाठ्यपुस्तक हळूहळू, चावून चावून. स्टँडर्डमध्ये पुस्तक आणि वर थोडं. अ‍ॅडव्हान्सवाली पोरं नववीतच अकरावीची गणितं करायची, कारण त्यांना पुढं मोठमोठ्या प्रवेश परीक्षांना बसायचं असायचं. एकच पोरगं इंग्रजीला खाली आणि गणिताला वर असू शकायचं, पण गळ्यातल्या आयकार्डाची लेस ठरायची ती गणितावरून. बेसिकला हिरवी, स्टँडर्डला निळी, अ‍ॅडव्हान्सला लाल. एसटीत बसलं तरी कंडक्टरला कळायचं की पोरगं कुठल्या पातळीचं आहे.

नववीच्या जूनमध्ये लेव्हल ठरवायची चाचणी झाली. चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढं एक चौकोन, आणि चौकोनात फक्त उत्तर लिहायचं. इथंच घोळ झाला. मी पाचवीपासून दर सुट्टीत वडिलांच्या दुकानात बसायचो. टंच म्हणजे शंभर भागांत चोख सोनं किती, ते काढायचो. बारा ग्रॅमचा दागिना, ब्याण्णव टंच, चोख किती? गिऱ्हाइकानं दागिना ताटलीत ठेवेपर्यंत मी "अकरा ग्रॅम चाळीस मिलिग्रॅम" म्हणालेलो असायचो. कसं आलं ते मला माहीत नसायचं. नुसतं यायचं. तसेच ते चाळीस चौकोन वीस मिनिटांत भरले आणि बाहेर येऊन वडापाव खाल्ला.

आठवड्यानं माझ्या गळ्यात लाल लेस पडली.

काकांनी त्या लेसचा फोटो काढून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. नुसत्या लेसचा, मी त्यात नव्हतो. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण पुढच्या रविवारी गावी गेलो तर एसटी स्टँडसमोर दहा बाय आठचा फ्लेक्स. 'आपल्या गावचे सुपुत्र, यांची अ‍ॅडव्हान्स गणितासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' माझा फोटो चुलतबहिणीच्या लग्नातून कापलेला, डोक्याला फेटा, आणि खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात. शेजारी काकांचा मिलिटरी टोपीतला फोटो, माझ्यापेक्षा मोठा. खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेली अकरा तोंडं, त्यातल्या सात जणांना अ‍ॅडव्हान्स गणित म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मलाही अजून माहीत नव्हतं.

कळलं दुसऱ्या दिवशी. अ‍ॅडव्हान्सला स्वतः फादर शिकवायचे. फादर म्हणजे शाळेचे प्रिन्सिपॉल, तरुण, टापटीप, शाळेच्या स्टँडर्डबद्दल बोलताना आवाज खाली आणणारे. त्यांनी फळ्यावर गणित घातलं. मी उत्तर सांगितलं.

"बरोबर," फादर म्हणाले. "आता पायऱ्या."

"कसल्या पायऱ्या, फादर?"

"ह्या उत्तरापर्यंत तू कसा आलास, ते."

"चालत आलो," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. मी फळ्यापुढं खडू धरून उभा. उत्तर होतं, पण त्याच्या मागं काहीच नव्हतं. अंगण आहे आणि घरच नाही, तसं.

पहिल्या घटक चाचणीत मला शंभरपैकी अठ्ठावीस पडले. सगळी उत्तरं बरोबर होती. फादरांनी प्रत्येक उत्तराला एकेक मार्क देऊन बाकीचे पायऱ्यांचे कापले होते. दुसऱ्या चाचणीत मी पायऱ्या लिहायचा प्रयत्न केला तर उत्तरंही चुकायला लागली, आणि तेवीस पडले.

आता यात अडकलं काय होतं ते सांगतो. शाळेचा नियम होता की नववीत गणितात पन्नासच्या खाली गेलेल्याला दहावीत घ्यायचं नाही, नववीतच ठेवायचं. आणि वडिलांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "दहावी हुतीया तवर हो. मधी कुठं अडकलास की सरळ भट्टीवर ये. माझी कंबर आता जास्त दम धरायची न्हाई." त्यांचंही चूक नव्हतं. पण आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, तिची नववीची गुणपत्रिका होती. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी तिचं लग्न ठरलं होतं. आमच्या घरात दहावीची गुणपत्रिका कुणाचीच नव्हती, वडिलांची तर आठवीचीही नव्हती. मी शाळेला निघालो की ती दरवेळी एकच वाक्य म्हणायची, "तेवढी दहावी आण." जसं बाजारातनं मीठ आण म्हणावं.

म्हणजे मला पास व्हायचं होतं, आणि पास व्हायचं तर बेसिकमध्ये जायला हवं होतं. तिथं सिस्टर वर्षभर पायऱ्याच शिकवतात, हे मी खिडकीच्या बाहेरून ऐकलं होतं. पण लाल लेस उतरवायची कशी? एसटी स्टँडसमोर मी फेटा बांधून उभा होतो.

मला काळजी करायची सवय आहे. आजही दुकानाला कुलूप लावून चार पावलं गेलो की परत येऊन ओढून बघतो. त्या आठवड्यात मी जेवताना, आंघोळ करताना, प्रार्थनेला डोळे मिटल्यावर, सारखा लेव्हलचाच विचार करत होतो. शेवटी ऑफिसात जाऊन लेव्हल बदलायचा अर्ज मागितला. त्यावर छापलेलं होतं, 'विद्यार्थी वरच्या लेव्हलसाठी पात्र का आहे ते लिहा.' मी 'वरच्या' खोडून 'खालच्या' केलं आणि चांगलं पानभर कारण लिहिलं.

फादरांनी तो अर्ज दोन बोटांत धरला. "आजपर्यंत असा अर्ज कुणी केलेला नाही," ते म्हणाले. "ह्या शाळेत खाली जाण्यासाठी अर्ज नसतो. खाली जाण्यासाठी निकाल असतो."

होस्टेलात माझ्या शेजारच्या कॉटवर शिराळ्याचा एक मित्र होता. हिरवी लेस, नववीला दुसऱ्यांदा बसलेला, म्हणजे बेसिकचा जुना रहिवासी, आणि स्वभावानं निवांत. त्याला हे सांगितलं तर तो उठून बसला.

"मग निकाल लाव की गड्या!"

"कसला निकाल?"

"दिवाळीनंतर सगळ्यांची परत लेव्हलची चाचणी हाय. तीत नापास हो. आपोआप घसरत आमच्यात येतोस."

"पण लेका, भ्या वाटतंय. फादर..."

"आमच्या शिराळ्यात लोकं नागाला भीत न्हाईत, आनि तू फादरला भितोस? ऐक. नापास हुयाला बी डोकं लागतं. पेपर कोरा ठेवायचा न्हाई, कोरा ठेवला की घरी फोन जातो. पेपर भरलेला दिसला पायजे आनि आत काय बी नसलं पायजे. मी दोन वरीस ह्येच करतोय."

चाचणीचा दिवस आला. तसेच चाळीस चौकोन. पहिलं गणित वाचलं आणि उत्तर डोक्यात येऊन बसलं, चोवीस. आता चूक लिहायचं. पण चूक म्हणजे किती? सात लिहू? नव्वद? असं उगाच कायतरी लिहायला माझा हात धजेना. वजनाच्या आकड्यात मनाला येईल ते लिहिलं तर वडील कानाखाली द्यायचे. शेवटी मी चोवीसचे पंचवीस केले. दुसऱ्याचं उत्तर वजा दोन आलं, वजा एक लिहिलं. पाऊण आलं, पावणेदोन लिहिलं. मग गाडी सुरळीत लागली. शेवटच्या प्रश्नात त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज विचारली होती, ती मी एकशे एक्याऐंशी केली, खाली सही केल्यासारखी रेघ मारली आणि पेपर दिला. बाहेर येऊन मित्राला डोळा मारला.

चार दिवसांनी निरोप आला. सिस्टरनी बोलावलंय, मागच्या बाजूला.

चाचणीचे पेपर सिस्टर तपासायच्या हे मला माहीत नव्हतं. मागं त्यांनी लावलेली टॅपिओकाची, म्हणजे ज्याच्या कंदाचा साबुदाणा करतात त्याची, चार झाडं होती. तिथल्या पायरीवर त्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि वारा येऊन उडू नये म्हणून गठ्ठ्यावर एक कच्ची पपई ठेवली होती.

"ये रं, बस. भ्यालास?"

"न्हाई, सिस्टर."

"भी की मग जरा. चाळीसात शून्य हाय तुला."

मी दुःखी चेहरा केला. आरशात बघून तयार केलेला होता.

"त्या शिराळ्याच्या वाघाला किती पडल्यात, म्हाईत हाय? सहा. त्येला काय बी येत न्हाई, अंदाजानं ठोकून सहा. आनि तुला एक बी न्हाई. शून्य पाडायला लय अभ्यास लागतो, लेकरा."

माझा तयार चेहरा सुटायला लागला. सिस्टरनी पपई बाजूला केली, माझा पेपर काढला आणि शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"त्रिकोनाच्या तीन कोनांची बेरीज?"

"एकशे... एक्याऐंशी."

"ह्यो एक अंश कुठनं आनलास? घरनं?"

मी पपईकडं बघायला लागलो.

"बरं, हे राहू दे. ह्यी बाकीची एकोनचाळीस बघ. समदी एकानं चुकल्यात. दोनानं एक बी न्हाई. आनि समदी जास्त, कमी एक बी न्हाई. कमी का न्हाई केलीस रं?"

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारला नव्हता. पण उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"कमी लिवलं की चोरी व्हती, सिस्टर."

"आं?"

"गलाईत. गिऱ्हाइकाचं सोनं आपल्या आकड्यात कमी दिसलं की चोरी केली म्हंत्यात. म्हणून पप्पांनी शिकवलंय, चुकायचंच झालं तर जास्तीला चूक. कमीला हातच जात न्हाई."

सिस्टर हसायला लागल्या. आधी आवाज नाही, नुसते खांदे. मग मांडीवरचा गठ्ठा सरकला, पेपर टॅपिओकात पसरले, आणि मी ते गोळा करत असताना त्या डोळे पुसत म्हणत होत्या, "आरं द्येवा. फसवताना बी इमानदारीनं."

नंतर त्यांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, पायऱ्या, पन्नासचा नियम, वडिलांची कंबर, आईची ट्रंक. फ्लेक्सचं सांगितलं तेव्हा त्यांनी फोटो मागितला. फोन होस्टेलात जमा असायचे, त्यामुळं तो अपमान तेव्हापुरता टळला.

मला वाटलं आता सिस्टर हळूच मला हिरवी लेस देतील आणि विषय संपेल. त्यांनी मनगट धरलं आणि थेट फादरांच्या ऑफिसात नेलं.

"फादर, ह्येनं मुद्दाम शून्य पाडलंय," सिस्टर म्हणाल्या.

फादरांनी पेपर बघितला. एक उत्तर, दुसरं, तिसरं. भुवया वर गेल्या. "हा खोटेपणा आहे."

"व्हय, खोटेपनाच हाय. शिक्षा झालीच पायजे. चाळीसच्या चाळीस गनितं पायऱ्यांसकट लिवायची, आत्ता, तुमच्यासमोर. सुरू कर रं."

मी कागद घेतला. पहिल्या गणिताचं खरं उत्तर लिहिलं, चोवीस. आणि थांबलो. पेन कागदावर टेकलेलं, पुढं सरकेना. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायला लागला. फादर आधी रागानं बघत होते, मग नुसते बघत होते. पंधरा मिनिटांनी कागदावर चोवीस होते, आणि चोवीसच्या खाली शाईचा एक ठिपका मोठा मोठा होत होता. माझ्या डोळ्यांतलंही काहीतरी त्यावर पडलं, ते आता लपवण्यात अर्थ नाही.

"मला वाटायचं हा मुद्दाम लिहीत नाही," फादर हळू आवाजात म्हणाले. "कॉपी करत असेल असंही वाटलं होतं."

"त्येला उत्तर दिसतंय, रस्ता दिसत न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याकडं पोरास्नी रस्ता दिसतो आनि उत्तर सापडत न्हाई. ह्येला मी मागून घेते, फादर."

"सिस्टर, पण अ‍ॅडव्हान्सचा मुलगा बेसिकला? आपल्या शाळेचं एक स्टँडर्ड..."

"स्टँडर्ड तुमच्या कपाटात नीट ऱ्हाऊ दे. पोरगं तेवढं मला द्या."

फादर वयानं त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान होते. त्यांनी ड्रॉवर उघडला, हिरवी लेस काढली आणि माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाले, "चाळीस गणितांची शिक्षा मात्र माफ नाही. दहावीच्या आधी माझ्या टेबलावर पाहिजेत. आणि एकशे ऐंशीच अंश."

पण खरी भीती पुढच्या शनिवारी होती. पालक सभा होती आणि काका येणार होते. ते आले, इस्त्रीची घडी चेहऱ्यालासुद्धा. आल्या आल्या नजर माझ्या गळ्यावर.

"ही हिरवी कुठली? लाल कुठं गेली?"

मी सिस्टरकडं बघितलं. त्या पुढं झाल्या. "काका, अ‍ॅडव्हान्सच्या सगळ्या पोरांतनं मी एकच मागून घेतला."

"एकच?"

"एकच. फादर देत नव्हते. भांडून घेतला."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. काकांची छाती हळूहळू वर आली. "म्हंजे अटॅचमेंट! आमच्या युनिटात असंच असायचं. कामाचा जवान असला की दुसरी कंपनी मागून न्यायची."

मी सुटलो असं वाटलं, तोच सिस्टर माझ्याकडं वळल्या. "आता तुझ्या तोंडानं काकास्नी सांग, बेसिक म्हंजे काय."

फ्लेक्स डोळ्यांपुढं आला, फेट्यासकट. "बेसिक म्हंजे... सगळ्यात खालची लेव्हल, काका. मला पायऱ्या लिवता येत न्हाईत. वर राहिलो असतो तर नववीतच अडकलो असतो."

काकांनी माझी हिरवी लेस बोटानं उलटी करून बघितली. मिशीवरून बोट फिरवलं. मग सिस्टरना विचारलं, "हितं ऱ्हायला तर दहावी निघंल?"

"निघंल. मी हाय की."

"मग बास. रिक्रूटला आधी पाय उचलायला शिकवत्यात, बंदूक मागनं. आमी बी खालनंच वर आलोय."

मी कृतज्ञतेनं त्यांच्या पाया पडलो. पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. पंधरा दिवसांनी गावी गेलो तर एसटी स्टँडसमोर नवीन फ्लेक्स. तोच फेट्याचा फोटो, खांद्यावर तोच अर्धा हात. 'बेसिक गणितासाठी खास निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' गॉगलवाले आता चौदा झाले होते. हा फोटो मात्र सिस्टरपर्यंत पोहोचला, मित्रानंच पोहोचवला. प्रार्थनेच्या वेळी त्या मध्येच खोकायला लागल्या, तेव्हा मला कळलं की त्यांना तो आठवलाय.

बेसिकच्या वर्गात सिस्टरनी माझ्यासाठी एक वेगळंच काम काढलं. मला शिराळ्याच्या मित्राशेजारी बसवलं आणि त्याला सांगितलं, "ह्यो उत्तर सांगंल. तू फकस्त 'का' म्हणायचं. समजलं तरच गप बसायचं."

मित्राला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जोगतं काम मिळालं.

"बारा ग्रॅमला ब्याण्णव टंच, चोख अकरा ग्रॅम चाळीस मिलिग्रॅम," मी म्हणायचो.

"का?"

"का म्हंजे? येतंयच तेवढं."

"सिस्टर, ह्यो सांगत न्हाई!"

मग मी आदळआपट करत सांगायचो, शंभरात ब्याण्णव, म्हणजे एकात ते भागिले शंभर, म्हणजे बारात त्याच्या बारापट. त्यानं मान डोलावली की ती ओळ वहीत लिहायची. त्याची मान लवकर डोलायची नाही. कधी कधी मला शंका यायची की समजूनही तो गंमत म्हणून 'का' म्हणतोय, आणि ती शंका खरी होती, त्यानं नंतर कबूल केलं. पण त्या छळातून माझ्या उत्तरामागं हळूहळू ओळी उभ्या राहायला लागल्या. आधी मराठीत, मग सिस्टर त्याचं इंग्रजी करून द्यायच्या. चाळीस गणितं पूर्ण व्हायला मार्च उजाडला. फादरांच्या टेबलावर वही ठेवली तेव्हा त्यांनी शेवटचं पान आधी उघडलं, कोनांची बेरीज बघितली, आणि वही कपाटात ठेवली. नववीत मला त्रेसष्ट पडले.

दहावीही निघाली. मित्राचीही निघाली, आणि भूमितीत त्याला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त. दीड वर्ष 'का' म्हणून म्हणून त्याला सगळं पाठ झालं होतं. गुणपत्रिका घरी नेली तेव्हा आईनं हात धुऊन, पुसून ती घेतली, ट्रंक उघडली आणि आपल्या नववीच्या कागदावर ठेवली. मग परत बाहेर काढली. संध्याकाळपर्यंत तिनं ती सहा वेळा आत ठेवली आणि सहा वेळा काढली. मी मोजलं.

राहिला व्हरांड्यातला फळा. आमच्या वर्षाची सगळी पोरं कॉलेजात निघाली होती, एकटा मी सोडून. वडिलांची कंबर बोलल्याप्रमाणं संपली होती. माझ्या नावापुढं काय लिहायचं, हा फादरांना खरोखरचा पेच होता. जागा कोरी ठेवावी तर शाळेची ख्याती जाते, आणि खोटं तर लिहायचं नाही. सिस्टर रंगाचा डबा घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"जातोय कुठं ते लिवा की. त्रिशूर लिवा."

ते अजूनही तसंच आहे म्हणे. प्रवेशाला आलेले पालक वाचतात आणि विचारतात, त्रिशूरचं कॉलेज फार अवघड असतं का हो? सिस्टर सांगायच्या, "लय अवघड. भट्टीम्होरं बसावं लागतंय."

निघायच्या दिवशी त्यांनी मला एक वहीचं पान दिलं. एक ते शंभर आकडे मल्याळममध्ये कसे म्हणायचे, ते देवनागरीत लिहिलेले. त्याच्या खाली एक ओळ होती. 'बारावीला बाहेरून बसता येतं. सतरा नंबरचा फॉर्म.' मी त्या पानाच्या चार घड्या करून ते आयकार्डाच्या पाकिटात ठेवलं.

आता इथं टंच काढून दिला की मी चिठ्ठीच्या मागं पायऱ्या लिहून देतो. वडील वैतागतात, "कोन वाचतंय ते?" पण परवा एक म्हातारे सोनार ती चिठ्ठी घेऊन बराच वेळ वाचत बसले. बोटानं ओळीमागून ओळ. शेवटच्या ओळीवर मान डोलावली आणि आपल्या भाषेत 'बरोबर' म्हणाले. मला शिराळ्याची मान आठवली.

सिस्टर आता थकल्यात. साताऱ्यात म्हाताऱ्या सिस्टर राहतात त्या घरात असतात. नाताळला मी फोन करतो. मी मल्याळममध्ये सुरुवात करतो आणि त्या आष्ट्याच्या मराठीत उत्तर देतात. दरवेळी एकच विचारतात, "त्यो एक अंश परत केलास का रं?"

केलेला नाही, सिस्टर. अजून माझ्याकडंच आहे. पण फॉर्म भरायची वेबसाइट मी दोनदा उघडून बघितली आहे, आणि अकरावीची पुस्तकं काउंटरच्या खालच्या खणात, ताटल्यांच्या मागं ठेवली आहेत. कधी जमेल ते सांगत नाही. तारीख सांगितली की मला झोप लागत नाही. पण एक दिवस मी साताऱ्याच्या स्टँडवर उतरेन, गळ्यात हिरवी लेस घालून. ती माझ्याजवळ आहे अजून. बारावीची गुणपत्रिका तुमच्या मांडीवर ठेवेन, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पपई ठेवेन, आणि तुमचा तो एक अंश तुम्हाला परत करेन. तोवर तेवढं नीट राहा.